पन्नास पौंडांचे पेटंट
हेन्री बेसेमरच्या आत्मचरित्राच्या निमित्ताने

पोलादाचा पाठ शिकवताना बेसेमरचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकायची. हवेतील ऑक्सिजनने सिलिकॉन आणि कार्बन जळून जातात. त्या जळण्याच्या उष्णतेवरच धातू वितळलेला राहतो आणि वेगळे इंधन न जाळता पोलाद तयार होते. एवढे आपण फळ्यावर लिहितो. तासाला थोडा वेळ उरला तर एक गोष्टही सांगितली जाते. बेसेमरचे पोलाद प्रथम ठिसूळ निघाले, ते सुधारण्याचा उपाय रॉबर्ट मशेटने शोधला, पण त्याच्या पेटंटचे पन्नास पौंड शुल्क मुदतीत भरले गेले नाही. पेटंट बाद झाले, बेसेमरने तो उपाय फुकट वापरला आणि तो गडगंज श्रीमंत झाला. मुलांना ही गोष्ट आवडते. तात्पर्यही आपोआप निघते: शुल्क वेळेवर भरावे!

एका शिक्षक शिबिरात आम्हीही ही गोष्ट अशीच सांगितली होती. तेव्हा मागच्या रांगेतील एका बाईंनी विचारले, "पन्नास पौंड भरायला हवे होते हे आज आपल्याला कळते. त्यांना त्या दिवशी कसे कळावे?" आम्हाला धड उत्तर देता आले नाही. परत आल्यावर आम्ही बेसेमरचे आत्मचरित्र काढून बसलो. हा इंग्रजी ग्रंथ बेसेमरच्या मृत्यूनंतर (१८९८) सात वर्षांनी, १९०५ मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाला. त्याचे शेवटचे प्रकरण त्याच्या मुलाने लिहिले आहे. पुस्तक वाचल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. बाईंचा प्रश्न अगदी योग्य होता. आणि त्याचे उत्तर बेसेमरही सरळ देत नाही, मशेटची बाजू घेणारेही देत नाहीत.

पुस्तकाचे गुण

आधी गुणांविषयी सांगितले पाहिजे, कारण ते पुष्कळ आहेत. बेसेमर यंत्राचे वर्णन करतो ते हाताने यंत्र बनवलेल्या माणसासारखे. कोणता भाग कुठे बसवला, काय बिघडले, काय मोडून पुन्हा केले, हे तो कंटाळा न करता सांगतो. शंभराहून अधिक पेटंटे घेतलेल्या या माणसाला 'पेटंट केव्हा घ्यावे' या प्रश्नाची जाण कशी येत गेली, हे पुस्तकात टप्प्याटप्प्याने दिसते. शिक्षकांनी एवढ्यासाठी तरी ते चाळावे.

पहिला धडा त्याला विशीतच मिळाला. त्या काळी जुन्या दस्तांवरचे मुद्रांक काढून नव्या दस्तांना लावले जात आणि सरकारचा महसूल बुडे. बेसेमरने त्यावर उपाय म्हणून कागदाला भोके पाडणारा नवा ठसा तयार केला. मुद्रांक खात्याला तो पसंत पडला, नोकरीचे आश्वासनही मिळाले. आनंदाने त्याने ही हकीकत आपल्या वाग्दत्त वधूला सांगितली. तिने सहज सुचवले की, मुद्रांकावर तारीखच घातली तर? सूचना इतकी सोपी होती की बेसेमरच्या ठशाची गरजच उरली नाही. तारखेची युक्ती सरकारने उचलली, नोकरी मिळाली नाही, आणि हातात पेटंट नसल्याने काही मागताही येईना. या कामगिरीबद्दल त्याला 'सर' ही पदवी मिळाली ती १८७९ मध्ये, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

दुसरा धडा याच्या अगदी उलट. रंगकामासाठी लागणारी सोनेरी भुकटी त्या वेळी जर्मनीतून येई आणि ती ज्या पितळेपासून होई त्याच्या कितीतरी पट भावाने विकली जाई. बेसेमरने ती यंत्राने बनवण्याची रीत शोधली. या वेळी मात्र त्याने पेटंट घेतले नाही. पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते, मुदत संपली की ती सर्वांची होते, आणि बंद कारखान्यात कोण काय दळतो हे बाहेरून सिद्ध करणे कठीण. त्याने यंत्राचे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून करवून घेतले, कामावर आपले मेहुणे ठेवले, आणि हे गुपित काही दशके टिकवले. पोलादाच्या प्रयोगांना लागलेला पैसा या भुकटीतून आला.

पेटंट हे संपत्ती राखण्याच्या अनेक साधनांपैकी एक आहे आणि प्रत्येक शोधाला ते सोयीचे नसते, हे या दोन प्रसंगांतून जितके स्पष्ट होते तितके कायद्याच्या पुस्तकातून होणार नाही. म्हणूनच मशेटच्या प्रकरणाशी आल्यावर वाचकाची निराशा होते. ती का होते, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहू.

मशेटने काय केले?

बेसेमरने आपली पद्धत ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत मांडली. महिन्याभरात त्याने परवाने विकून २७,००० पौंड मिळवले. परवाने घेणाऱ्यांनी भट्ट्या लावल्या आणि जे निघाले ते हातोड्याखाली फुटू लागले. बेसेमरची पद्धत फसवी आहे अशी हाकाटी झाली.

दोष दोन होते. पहिला फॉस्फरसचा. बेसेमरने प्रयोगात वापरलेले लोखंड योगायोगाने कमी फॉस्फरसचे होते, इतरांचे तसे नव्हते. फॉस्फरसयुक्त पोलाद थंड असताना ठिसूळ होते. हा दोष मशेटच्या उपायाने जात नाही. बेसेमरने कमी फॉस्फरसचे खनिज निवडून तो टाळला, आणि खरा इलाज सिडनी गिलख्रिस्ट टॉमसने १८७० च्या दशकाच्या अखेरीस भट्टीचे अस्तर बदलून केला.

दुसरा दोष हवेचाच. कार्बन जळून संपत आला की ऑक्सिजन लोखंडालाच धरतो. हा ऑक्सिजन धातूत मिसळून राहतो आणि 'जळके' लोखंड तयार होते. ते तापवून ठोकायला गेले की भेगा पडतात. गंधक असेल तर आणखीच. शिवाय फुंकणी नेमकी केव्हा थांबवावी हे ठरवणे अवघड. आधी थांबवली तर कार्बन जास्त, नंतर थांबवली तर लोखंड जळके.

इंग्लंडच्या पश्चिमेला फॉरेस्ट ऑफ डीन या भागात राहणाऱ्या मशेटने यावर उपाय काढला. कार्बन अर्ध्यावर थांबवायच्या फंदात पडू नका, सगळा जळू द्या. मग त्या वितळलेल्या धातूत जर्मनीत मिळणारे 'श्पीगेलआयझेन' मोजून घाला. हे लोखंड, मँगनीज आणि कार्बन यांचे मिश्रण. फोडल्यावर त्याचे पृष्ठभाग आरशासारखे चकाकतात, म्हणून नावाचा अर्थ 'आरसा-लोखंड'. मँगनीजची ऑक्सिजनशी ओढ लोखंडापेक्षा जास्त. ते ऑक्सिजन घेऊन मळीत जाते, गंधकालाही बांधून त्याचा उपद्रव कमी करते, आणि श्पीगेलआयझेनमधला कार्बन पोलादाला हवा तेवढा मिळतो. एका घासात तीन कामे! मँगनीजचे हे काम आजही चालू आहे. आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतले मँगनीज मुख्यतः पोलादाच्याच कामी येते.

मशेटने २२ सप्टेंबर १८५६ रोजी पेटंट घेतले. १८५७ च्या सुरुवातीला त्याच्या पोलादाचा एक रूळ डर्बी स्थानकात टाकला गेला. त्या जागी लोखंडी रूळ सहा महिन्यांत झिजून बदलावे लागत. हा रूळ सोळा वर्षे टिकला.

शुल्काचा दिवस

१८५२ च्या ब्रिटिश कायद्याने पेटंटची मुदत चौदा वर्षे होती, पण पैसे तीन हप्त्यांत भरायचे होते: प्रथम २५ पौंड, तिसरे वर्ष संपण्याआधी ५० आणि सातवे संपण्याआधी १००. त्यापूर्वी सगळा खर्च आरंभीच करावा लागे आणि तो तिन्ही राज्यांसाठी मिळून तीनशे पौंडांच्या वर जाई. त्या जाचावर डिकन्सने १८५० मध्ये एक उपरोधिक कथाच लिहिली होती. नव्या हप्त्यांचा हेतू दुहेरी होता. गरीब संशोधकाला आत येता यावे, आणि ज्या पेटंटांचा कोणाला उपयोग नाही ती आपोआप गळून सर्वांसाठी मोकळी व्हावीत. तसेच झाले. त्या काळच्या शंभर पेटंटांपैकी सुमारे सत्तर पन्नास पौंडांच्या उंबऱ्यावरच गळत आणि शंभर पौंडांचा उंबरा ओलांडणारी जेमतेम दहा उरत. पन्नास पौंड म्हणजे साध्या मजुराची वर्षभराची मजुरी देऊनही काही उरेल एवढी रक्कम.

मशेटचे पेटंट विश्वस्तांच्या ताब्यात होते. सप्टेंबर १८५९ मध्ये मुदत आली, पन्नास पौंड भरले गेले नाहीत, पेटंट बाद झाले. चुकलेली मुदत भरून काढण्याचा सोपा मार्ग त्या वेळच्या कायद्यात नव्हता.

बेसेमर काय सांगतो?

पुस्तकाची खरी परीक्षा इथे होते आणि इथेच ते कमी पडते. बेसेमरचे म्हणणे थोडक्यात असे: पोलादात मँगनीज घालणे आधीपासून ठाऊक होते, त्यामुळे मशेटचे पेटंट मुळातच टिकण्याजोगे नव्हते, शिवाय ते बाद झाले, तेव्हा प्रश्न मिटला. हे दोन मुद्दे तो असे जोडून ठेवतो की, वाचकाला वाटावे, पेटंट बाद झाले हाच ते निरुपयोगी असल्याचा पुरावा. पण शुल्क न भरणे हा कोणत्याही न्यायालयाचा निकाल नव्हे. मशेटच्या पेटंटची कायदेशीर परीक्षा कधी झालीच नाही.

पुढे १८६६ चा प्रसंग येतो. मशेटची सोळा वर्षांची मुलगी मेरी एकटीच लंडनला बेसेमरच्या कचेरीत गेली. घरावर कर्ज होते, राहते घर जाण्याची वेळ आली होती. तुमचे वैभव माझ्या वडिलांच्या शोधावर उभे आहे, असे तिने त्याला सांगितले. बेसेमरने कर्जाची रक्कम दिली आणि पुढे मशेटला दरसाल ३०० पौंड चालू केले. १८९१ मध्ये मशेट वारला तोपर्यंत ते मिळत होते. एकूण रक्कम सात हजार पौंडांवर गेली.

या औदार्यामागची कारणे बेसेमर स्वतःच सांगतो, आणि त्याबद्दल त्याच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे. मशेट आपला ऋणी राहावा, आपण त्याचे नव्हे, अशी त्याची इच्छा होती. शिवाय त्या वेळी वृत्तपत्रांतून त्याच्या पेटंटांवर जोरदार हल्ले होत होते. एखाद्या परवानेदाराने त्या भरात पैसे देण्याचे नाकारले तर बाकीचेही त्याच वाटेने जातील, ही भीती त्याला होती.

आम्ही येथे थांबलो. ज्या पेटंटची मुदत संपली आहे आणि जे मुळातच कुचकामी होते असे लेखकाचे मत आहे, त्याच्या मालकाला शांत ठेवण्यासाठी दरसाल तीनशे पौंड का द्यावेत? याचे उत्तर पुस्तकातच आहे, फक्त लेखक ते स्वतःला विचारत नाही. कायद्याने हक्क गेला तरी लोकांच्या मनातले श्रेय गेले नव्हते, आणि बेसेमरच्या परवान्यांचा व्यापार लोकांच्या मनावरच चालत होता. १८५९ मध्ये पन्नास पौंडांना जे महाग वाटले, त्याच्या केवळ सावलीला पुढे सात हजार मोजावे लागले.

मशेटच्या बाजूची चूक

मग मशेटची बाजू घेणारे बरोबर का? मशेटने स्वतः १८८३ मध्ये या पद्धतीच्या इतिहासावर पुस्तक लिहून आपला हक्क सांगितला, दोष विश्वस्तांवर ठेवला. इंग्लंडच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटने १८७६ मध्येच त्याला बेसेमरच्याच नावाचे सुवर्णपदक दिले होते. श्रेयाचा प्रश्न तेथे सन्मानाने सुटला असे म्हणता येईल. पण 'पन्नास पौंडांसाठी दहा लाख गेले' हे जे आपण वर्गात सांगतो, ते हिशेबात बसत नाही. बेसेमरला आयुष्यात दहा लाख पौंडांहून अधिक स्वामित्वधन मिळाले ते त्याच्या पेटंटांवर. मशेटचे पेटंट चालू असते तर त्यातला किती वाटा त्याला मिळाला असता, याला जोशिया मार्शल हीथ या माणसाची कहाणी सोबत ठेवली पाहिजे.

हीथचा आपल्या देशाशी संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीची मद्रासेतील नोकरी सोडून त्याने तमिळ किनाऱ्यावर पोर्टो नोव्हो (आजचे परंगीपेट्टै) येथे लोखंडाचा कारखाना काढला होता. इंग्लंडला परतल्यावर १८३९ मध्ये त्याने मुशीतल्या पोलादात मँगनीज-कार्बनचे संयुग घालण्याचे पेटंट घेतले. शेफील्डचे पोलाद त्यामुळे सुधारले आणि स्वस्त झाले. पण कारखानदारांनी एक पळवाट काढली. संयुग विकत घेण्याऐवजी मँगनीजचे ऑक्साइड आणि कोळशासारखा कार्बनी पदार्थ मुशीत वेगवेगळे टाकायचे. संयुग आतच तयार होते, मग पेटंटचा भंग कुठे झाला? हीथ न्यायालयात गेला. खटला वर्षानुवर्षे चालला. १८५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल त्याच्या विरुद्ध दिला, तेव्हा हीथ जिवंतही नव्हता. त्याचे पेटंट पूर्ण मुदत जगले आणि तो मात्र कफल्लक झाला.

मशेटने पेटंट घेतले ते या निकालानंतर अवघ्या वर्षभराने. त्याच्या विश्वस्तांपुढे हीथचे उदाहरण ताजे होते. बेसेमर 'मँगनीज आधीच ठाऊक होते' म्हणतो ते याच आधारावर. मशेटची पद्धत वेगळी होती हे खरे: हवा फुंकून पूर्ण कार्बन जाळलेल्या धातूला शेवटी मँगनीज आणि कार्बन देणे हे हीथने केलेले नव्हते. पण तो फरक न्यायाधीशांना पटवायला वकिलांवर किती खर्च झाला असता?

त्या दिवशीचा हिशेब

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. सप्टेंबर १८५९ मध्ये बसून, पुढचे काही न पाहता, निर्णय कसा करावा? आज कंपन्यांत पेटंट चालू ठेवावे की सोडावे याचा विचार होतो तेव्हा साधारण पाच प्रश्न विचारले जातात. ते मशेटच्या पेटंटला लावून पाहू.

पहिला: हे कोणाला हवे आहे? बेसेमरचा स्वतःचा शेफील्डचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि पहिली दोन वर्षे तोट्यात होता. वहीत पाहिले तर मागणी नाही. पण डर्बीचा रूळ दोन वर्षे उलटूनही जागेवर होता. वही एक सांगत होती, रूळ दुसरे.

दुसरा: वळसा घालून जाता येते का? काही प्रमाणात येत होते. स्वीडनमध्ये गोरान्सन याने १८५८ मध्ये तिकडचे शुद्ध आणि मँगनीजयुक्त लोखंड वापरून बेसेमर पद्धतीने चांगले पोलाद काढले होते. पण असे लोखंड सर्वत्र नव्हते आणि स्वस्तही नव्हते.

तिसरा: न्यायालयात टिकेल का? शंकास्पद.

चौथा: कोणी चोरून वापरले तर पकडता येईल का? पोलादाचे पृथक्करण करून मँगनीज सापडेल, पण ते खनिजातूनच आले असे समोरचा म्हणू शकतो. मात्र श्पीगेलआयझेनच्या गोण्या जर्मनीतून बोटीने येत, त्या लपवणे सोपे नव्हते.

पाचवा: पैसे भरून नेमके काय मिळते? आमच्या मते हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि गोष्ट सांगणारे सगळे तो विसरतात. पन्नास पौंडांत उरलेली अकरा वर्षे मिळत नव्हती. चार वर्षे मिळत होती. १८६३ मध्ये पुन्हा शंभर पौंडांचा प्रश्न येणारच होता, आणि तोवर धंदा चालतो की बुडतो हे दिसले असते. म्हणजे पन्नास पौंड ही वाट पाहण्याची किंमत होती. शेफील्डच्या कारखान्याचा नफा १८६० मध्ये सुमारे नऊशे पौंड होता, १८६३ मध्ये सुमारे अकरा हजार आणि १८६७ मध्ये अठ्ठावीस हजारांवर. चार वर्षे थांबणाऱ्याला उत्तर लख्ख दिसले असते.

एक छोटे गणित मुलांकडून करून घेता येईल. समजा, विश्वस्तांच्या मते हे पेटंट पुढे २०,००० पौंड मिळवून देण्याची शक्यता शंभरात फक्त एक होती. तरी २०,००० चा शंभरावा भाग म्हणजे २०० पौंड. पन्नास भरणे शहाणपणाचे ठरते. शक्यता चारशेत एक असेल तर तोल बरोबर पन्नासवर येतो. त्याहून कमी असेल तर सोडून देणे योग्य. वीस हजार ही आम्ही गृहीत धरलेली रक्कम आहे. मुलांनी ती बदलून पाहावी, त्यातून वकिलाचा खर्च वजा करावा आणि निर्णय कुठे पालटतो ते शोधावे.

आमचे मत असे: विश्वस्तांनी चूक केली, पण ती पुढे दहा लाख मिळाले म्हणून नव्हे. डर्बीचा रूळ समोर असताना चार वर्षांची मुदत स्वस्तात मिळत होती, म्हणून ती चूक. आणि पुढे बेसेमरचा धंदा बुडाला असता तरी तेव्हा पैसे भरणे योग्यच ठरले असते. निर्णय बरोबर की चूक हे निकालावरून ठरवायचे नसते, निर्णयाच्या दिवशी काय दिसत होते त्यावरून ठरवायचे असते. आपल्या गोष्टीत नेमके हेच हरवते.

आजची दोन उदाहरणे

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेह व लठ्ठपणावरील औषधाचे कॅनडातील पेटंट नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने वार्षिक शुल्क न भरल्याने बाद झाले. तेथे औषधाला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता मिळाली होती, आणि शुल्क होते अवघे काहीशे डॉलर. कंपनीने विचाराला वेळ हवा म्हणून भरलेले शुल्क एकदा परतही मागितले होते. २०२५ मध्ये ही हकीकत वृत्तपत्रांत गाजली तेव्हा सर्वांनी मशेटच्या गोष्टीचेच तात्पर्य काढले. पण येथेही हिशेब नीट मांडावा लागतो. औषधाच्या चाचण्यांच्या माहितीला कॅनडात जानेवारी २०२६ पर्यंत वेगळे संरक्षण होते आणि पेटंटची मूळ मुदत मार्च २०२६ मध्ये संपणार होती. म्हणजे त्या मुदतीतले नुकसान दोन-अडीच महिन्यांचे. मात्र कॅनडाचा कायदा औषधांना दोन वर्षांपर्यंत जादा संरक्षण देतो आणि ते फक्त चालू पेटंटलाच मागता येते. तो दरवाजा बंद झाला. नुकसान झालेच, पण ते मथळ्यात दिसले त्यापेक्षा वेगळ्या जागी झाले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. भारतात पेटंटची मुदत वीस वर्षे असून नूतनीकरण शुल्क तिसऱ्या वर्षापासून लागते. सध्याच्या नियमांत व्यक्ती, लघुउद्योग व शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन भरणा केल्यास तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरसाल ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८०० आणि सोळाव्या ते विसाव्यासाठी ८,००० रुपये आहेत. बेरीज ७६,८०० रुपये. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट, म्हणजे ३,८४,००० रुपये. शुल्क चढत जाते ते मुद्दामच. पेटंट जितके जुने, तितके ते खरोखर हवे आहे का हे मालकाने स्वतःला विचारावे. मुदत चुकली तर सहा महिने जादा शुल्काने मिळतात, आणि पेटंट बाद झाल्यावर अठरा महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करण्यासाठी अर्ज करता येतो. पण शुल्क राहून गेले ते हेतुपुरस्सर नव्हते, हे दाखवावे लागते. विसरलेल्याला कायदा दार उघडतो, विचार करून सोडलेल्याला उघडत नाही. मशेटच्या काळात हा भेद नव्हता.

शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत अलीकडे पेटंटांची संख्या मोजली जाते आणि संस्थाही ती अभिमानाने फलकावर लावतात. फलक पाहणाऱ्याने दोन साधे प्रश्न विचारावेत: यांतली आज चालू किती आहेत? आणि जी सोडली ती विचार करून सोडली की विसरून? विचार करून सोडलेले पेटंट ही लाजेची गोष्ट नाही. त्यातली विद्या सर्वांना मोकळी होते, आणि ती वापरायला कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही.

वर्गासाठी

बेसेमरचे आत्मचरित्र वाचावे असे आम्ही जरूर म्हणू. यंत्रांसाठी, सोनेरी भुकटीच्या प्रकरणासाठी, आणि एक बुद्धिमान माणूस स्वतःच्या बाजूने लिहिताना कोणता प्रश्न टाळतो हे पाहण्यासाठीही. पोलादाची गोष्ट सांगताना फळ्यावर तीन रकाने काढावेत: शोध खरा होता का, हक्क टिकला असता का, त्या दिवशी पैसे भरणे योग्य होते का. बेसेमर दुसऱ्या रकान्यातले उत्तर पहिल्यात लिहितो. मशेटची बाजू घेणारे पहिल्यातले तिसऱ्यात लिहितात. मुलांना हे तीन वेगळे ठेवता आले तर तास सार्थकी लागला.

मशेटने पुढे काय केले तेही सांगावे. १८६८ च्या सुमारास त्याने टंगस्टनयुक्त पोलाद बनवले. यंत्रावर धातू कापणारी हत्यारे त्याने कितीतरी जास्त काळ धारदार राहू लागली. या वेळी त्याने पेटंट घेतलेच नाही. कृती गुप्त ठेवली आणि मिश्रणाचे घटक कोणाला कळू नयेत याची काळजी घेऊन ते आपल्या रानातल्या कारखान्यातून शेफील्डला धाडले. सोनेरी भुकटीच्या वेळी बेसेमरने जे केले होते, तेच.